व्होल्टेज-करंटवरून रोध आणि पॉवर काढताना या चुका टाळा

सूत्रं दोनच. व्होल्टेजला करंटने भागलं की रोध, गुणलं की पॉवर. तरीही उत्तरं चुकतात. घोळ सहसा गुणाकार-भागाकारात नसतो, सूत्रात कुठला आकडा घातला त्यात असतो.

आधी मिलिअँपिअरचं बघू. ५ व्होल्ट आणि २० मिलिअँपिअर दिले की ५ भागिले २० करून ०.२५ ओहम लिहून मोकळे होणारे पुष्कळ. खरं उत्तर २५० ओहम, कारण २० मिलिअँपिअर म्हणजे ०.०२ अँपिअर. व्होल्टला थेट मिलिअँपिअरने भागायचंच असेल तर उत्तर किलोओहममध्ये येतं आणि गुणलं तर मिलिवॅटमध्ये, एवढं ध्यानात ठेवा.

व्होल्टेज नेमकं कोणाचं?

सगळ्यात जास्त गडबड इथे होते. समजा ९ व्होल्टची बॅटरी आहे, तिच्यावर सुमारे २ व्होल्ट घेणारा लाल एलईडी लावायचाय आणि करंट २० मिलिअँपिअरवर ठेवायला त्याच्यासोबत एकसरीत रेझिस्टर (ठरावीक रोधाचा भाग) लावायचाय. ९ भागिले ०.०२ केलं तर ४५० ओहम येतात. पण रेझिस्टरच्या वाट्याला ९ व्होल्ट येतच नाहीत, ७ येतात. म्हणून ३५० ओहम. त्याच्या जवळचा, सहज मिळणारा रेझिस्टर ३६० किंवा ३९० ओहमचा. पॉवरही त्याच ७ व्होल्टवरून काढायची: ०.१४ वॅट, म्हणजे पाव वॅटचा रेझिस्टर चालतो. गंमत अशी की ४५० ओहम लावले तरी एलईडी पेटतोच, जरा मंद इतकंच. त्यामुळे चूक लक्षातही येत नाही.

केबलच्या बाबतीत मात्र ती लपत नाही. २३० व्होल्टच्या लाइनवर १० अँपिअरचा लोड आहे आणि जाऊन-येऊन केबलचा रोध ०.५ ओहम. केबलमध्ये वाया किती जातं? 'व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध' हे सूत्र आठवून २३० चा वर्ग ०.५ ने भागला, तर १,०५,८०० वॅट येतात! लाइनवरून घेतली जाणारी एकूण पॉवर जास्तीत जास्त २,३०० वॅट, मग केबल लाखभर वॅट कुठून खाणार? २३० व्होल्ट लाइनचे आहेत, केबलचे नाहीत. केबलवर पडतात १० गुणिले ०.५, म्हणजे ५ व्होल्ट. आता तिन्ही वाटांनी करून बघा: ५ गुणिले १० म्हणजे ५०; ५ चा वर्ग भागिले ०.५, पुन्हा ५०. १० चा वर्ग गुणिले ०.५, तेही ५० वॅट. साध्या रोधावर ही तीन उत्तरं जुळली नाहीत, तर कुठलातरी आकडा दुसऱ्याच भागाचा घुसलाय असं समजा.

व्होल्टेज निम्मं, पॉवर निम्मी?

नाही, पाव. २३० व्होल्टला १,००० वॅटचा हीटर घ्या, त्याचा रोध ५२.९ ओहम. ११५ व्होल्टला करंटही निम्मा होतो, म्हणून पॉवर २५० वॅटच उरते.

बल्ब आणि मोटर

६० वॅट, २३० व्होल्टच्या तारेच्या बल्बचा रोध हिशोबाने सुमारे ८८२ ओहम. बंद बल्बला मल्टिमीटर लावलात तर याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी दिसेल. मीटर बिघडलेलं नाही. टंगस्टनची तार थंड आहे. बटण दाबताक्षणी करंट उसळतो तो त्यामुळेच, आणि असे बल्ब बहुधा लावतानाच उडतात.

एसी मोटरचा घोळ वेगळा. २३० व्होल्ट, २ अँपिअर म्हणून ४६० वॅट धरू नका. ते ४६० व्होल्ट-अँपिअर झाले. पॉवर फॅक्टर, म्हणजे व्होल्ट-अँपिअरमधला खऱ्या वॅटचा हिस्सा, ०.७ असेल तर वॅट ३२२च. तसंच २३० भागिले २, म्हणजे ११५ ओहम, हा काही वाइंडिंगच्या (मोटरमध्ये गुंडाळलेल्या) तारेचा रोध नव्हे. मीटरने मोजलात तर तो बराच कमी निघेल.

आकडे बरोबर, मीटर चुकीचं

करंट मोजून झाला की लाल प्रोब '१० अँपिअर'च्या भोकातच राहतो आणि त्याच स्थितीत कोणीतरी व्होल्टेज मोजायला जातं. त्या भोकातून मीटरचा रोध जवळजवळ शून्य, म्हणजे सरळ शॉर्ट. नशीब चांगलं असेल तर फ्यूजवर निभावतं. प्रोब परत जागेवर लावूनच पुढचं काम करा.

रोध मोजताना सप्लाय बंद आणि कपॅसिटर (चार्ज साठवणारा भाग) रिकामा हवा. रेझिस्टरचं निदान एक टोक सर्किटमधून सोडवा, नाहीतर १० किलोओहमला समांतर दुसरा १० किलोओहम असला की मीटर ५ दाखवतं आणि चांगला रेझिस्टर कचऱ्यात जातो. मेगाओहममधलं काही मोजत असाल तर दोन्ही टोकं बोटांनी धरू नका. अंगाचा रोधही समांतर जोडला जातो आणि आकडा खाली येतो.