डोनरच्या कार-टी पेशींची ट्रायल: सही करायच्या आधी काय विचारायचं

ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) उलटला की नातेवाईकांकडून कार-टीच्या (टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, बदलून कॅन्सरवर सोडायच्या उपचाराच्या) बातम्या यायला लागतात आणि आपण हातातलं सगळं सोडून त्याच्या मागे लागतो, साहजिकच आहे. पण आधी एकच विचारा, पेशी कुणाच्या? आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलची नेक्सकार१९ ही कार-टी, जिला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, ती पेशंटच्या स्वतःच्या टी पेशींपासून बनते. डोनरवाली वेगळी, तिथे निरोगी माणसाच्या पेशी आधीच तयार करून गोठवून ठेवलेल्या असतात, म्हणजे वाट बघायला लागत नाही आणि केमोने पेशंटच्या पेशी थकल्या असतील तरी अडत नाही.

अडचण अशी की या परक्या पेशी पेशंटच्या त्वचेवर, आतड्यांवर, लिव्हरवर उलटू शकतात (हाच तो जीव्हीएचडी), आणि पेशंटचं शरीरही त्यांना टिकू देत नाही. म्हणून दुसरा प्रश्न, पेशींमध्ये नेमके काय बदल केलेत? लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटलमध्ये मे २०२२ मध्ये टी-सेल ल्युकेमिया झालेल्या १३ वर्षांच्या मुलीला अशा पेशी दिल्या, त्यात शरीरावर हल्ला करणारा रिसेप्टर (पेशीवरचा ओळखणारा भाग) काढला होता, सीडी७ (टी पेशींवरचं प्रोटीन, तेच बघून या पेशी कॅन्सरवर हल्ला करतात) काढलं होतं कारण नाहीतर त्या एकमेकींनाच मारत बसल्या असत्या, आणि सीडी५२ (ते औषध ज्या प्रोटीनवर काम करतं ते) काढलं होतं म्हणजे पेशंटची इम्युनिटी दाबायला देतात त्या औषधाने या मरू नयेत. ती इम्युनिटी दाबलेली असते तेव्हा इन्फेक्शनचा धोका मोठा, त्याची काय तयारी आहे हे नक्की विचारा.

मग फेज, म्हणजे ट्रायलचा टप्पा. फेज १ मध्ये मुख्यतः कुठला डोस सेफ आहे हे बघतात, पेशंट बरा होतो का हा तिथला पहिला प्रश्नच नसतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण घरच्यांनी भलतीच आशा धरलेली असते. सरळ विचारा, आत्तापर्यंत किती जणांना दिलं, आमचा डोस कितवा, आधीच्या पेशंटना काय झालं. भारतातली ट्रायल असेल तर सीटीआरआयचा (भारतातल्या ट्रायल्सच्या सरकारी नोंदणीचा) नंबर मागून स्वतः साइटवर बघा. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार हे फॉर्ममध्ये लिहिलेलं असायला हवं.

आणि पुढचं आत्ताच ठरवा. लंडनच्या मुलीचा कॅन्सर २८ दिवसांनी रेमिशनमध्ये गेला (तपासणीत दिसेनासा झाला), पण तिथे थांबले नाहीत, लगेच दुसरं बोन मॅरो ट्रान्सप्लांट केलं. तुमच्याकडे ट्रान्सप्लांटसाठी डोनर आहे का?

अजून एक, पेशी दिल्यावर मेंदूवर परिणाम होतोय का हे बघायला नर्स रोज एक वाक्य लिहायला लावतात, १०० पासून दहा-दहा कमी करत मोजायला सांगतात. पेशंटला मराठीच येत असेल तर हे मराठीतूनच करा असं पहिल्याच दिवशी सांगून ठेवा आणि त्या दिवशीचं लिहिलेलं वाक्य जपून ठेवा, नंतर अक्षर बिघडलं तर लगेच कळतं.