जुन्या लेआउटची सोसायटी चालवताय? या चुका टाळा

तालुक्याच्या गावातले जुने लेआउट सगळे सारखेच. मास्तर, एसटीतले, वीज मंडळातले लोक एकत्र आले, सोसायटी काढली, प्लॉट पाडले. आता घरात म्हातारे आहेत आणि पोरं नागपूर-पुण्याला. अशा सोसायट्यांची दफ्तरं मी लिहितो. चुका दरवर्षी त्याच.

घरोघरी फिरून सह्या घेणे

याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. "लोक येतच नाहीत हो सभेला," असं म्हणत सचिव प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेच्या ठरावांची वही, काखेत मारून निघतात. आधी कोऱ्या पानावर सह्या, मग सवडीनं ठराव.

वर्धा जिल्ह्यातल्या एका लेआउटमध्ये बोअरची मोटर दुरुस्त करायची म्हणून अशाच सह्या गोळा केल्या. नंतर सचिवांना वाटलं, लगे हात ओपन स्पेसचं कंपाउंडही घालून टाकू. मग तोही ठराव त्याच पानावर. जागा अपुरी पडली, म्हणून अक्षर खाली खाली बारीक होत गेलेलं, शेवटची ओळ तर पहिल्या सहीला टेकलेली. वर्गणी मागायला गेले तर लोक म्हणाले, "आमी कंपाउंडला कधी हो म्हटलं?" एक सही सुनेची निघाली. सभासद सासरे, आणि ते त्या वेळी वावरात. प्रकरण सहकारी संस्थांच्या निबंधक कार्यालयात गेलं. मोटर तशीच पडून राहिली आणि पूर्ण उन्हाळा लोकांनी टँकरवर काढला.

सभेला माणसं लागतात तरी किती? आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा 20, यातली कमी असेल ती संख्या. म्हणजे 60 प्लॉटांना 20 माणसं पुरतात. तीही आली नाहीत तर सभा तहकूब करून पुन्हा घ्यायची; त्या तहकूब सभेला गणपूर्तीची (किमान हजेरीची) अट नाही. फक्त तहकूब सभेची वेळ नोटिशीतच लिहून ठेवा. नोटीस 14 दिवस आधी द्या आणि पोच घ्या.

माझी पद्धत अशी: ठराव तिथंच हातानं लिहायचा, मोठ्यानं वाचायचा, सूचक-अनुमोदकांची नावं टाकायची, उरलेल्या पानावर आडवी रेघ मारायची. तर्री-पोहे सह्या झाल्यावर. आधी वाढले की अर्धी सभा प्लेट ठेवून घरी जाते.

वार्षिक सभा 30 सप्टेंबरवर ढकलणे

ती शेवटची तारीख आहे, मुहूर्त नाही. सप्टेंबरच्या अखेरीस सोयाबीन कापणीला येतं, मग सभेला कोण बसणार? लेखापरीक्षण जुलैअखेर उरकायचंच असतं. ऑगस्टमधला, पोळ्याच्या धामधुमीआधीचा एखादा रविवार धरा.

व्हॉट्सॲपवर निर्णय

अंगठा म्हणजे मत नव्हे. नोटिशीची आठवण द्यायला ग्रुप ठेवा, बस.

टिल्लू पंपावरून थेट पोलिसात

जास्त पाणी ओढायला नळाला हा छोटा पंप लावणारा शेजारीच असतो. आधी पाणी सोडायच्या वेळा सगळ्यांसमोर ठरवा. भाडेकऱ्यांनाही बोलवा, मत नसलं तरी पाणी तेही भरतात.

दफ्तर सचिवाच्या घरी

उधई आणि भाऊबंदकी, दोन्ही लागतात. लोखंडी पेटी घ्या, आणि सचिव बदलला की यादी करून, सह्या घेऊनच ताबा द्या.

"तेच बरे आहेत, राहू द्या"

समितीची मुदत 5 वर्षं. नवीन पोरगा उभा राहिला तर त्याला पहिल्याच महिन्यात रस्ता, नाली, दिवे सगळं हवं असतं. त्याला आधी वर्षभराच्या थकबाकीच्या पावत्या फाडायला बसवा. टिकला तर सचिव करा.