लग्नाच्या मंडपातून डीलर मीटकडे जाताना या चुका टाळा

जळगावात आम्ही लग्नांची कामं घ्यायचो. एमआयडीसीतल्या एका कंपनीची डीलर मीट, म्हणजे तिचा माल विकणाऱ्यांचा मेळावा, मिळाली आणि आम्ही तीही लग्नासारखीच उरकायला गेलो. सगळं चुकत गेलं ते तिथून.

मोठी चूक पैशाची. लग्नात इसार आधी, उरलेले वरात निघण्याआधी. कंपनीत पीओशिवाय, म्हणजे कामाच्या लेखी ऑर्डरशिवाय, बिल घेत नाहीत आणि बिल लावलं की वाट बघा. इकडे आचारी आणि मंडपवाला दुसऱ्या दिवशी सकाळी दारात. शिवाय बिल फाडलं की १८ टक्के जीएसटी लागू. पैसे आलेत का, हे कोणी विचारत नाही. म्हणजे ५ लाखांच्या कामाला ९० हजार, इनपुट (आपण खरेदीवर भरलेला जीएसटी) वजा करून, पुढच्या महिन्याच्या २० तारखेला आपल्या खिशातून. मंडपवाल्याकडे जीएसटी नंबर नसला तर ते वजा करणंही विसरा. छोट्या उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी आधी करून घ्या. एमएसएमई कायद्याने छोट्या पुरवठादाराला ४५ दिवसांपेक्षा जास्त लटकवता येत नाही, आणि मुदत उलटून मार्चअखेर थकलेलं बिल कंपनीला आयकरात त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. ही आठवण फेब्रुवारीत करून द्या, फोन लगेच उचलतात.

दुसरी चूक विजेची. मे महिना, पारा ४४ वर. एसी, एलईडी वॉल आणि साउंड आम्ही एकाच जनरेटरवर टाकले. साहेब ‘आता हा आकडा बघा’ म्हणाले, तेवढ्यात मागे एसीचे कॉम्प्रेसर चालू झाले, व्होल्टेज बसलं आणि वॉल काळी. ती परत उजळेपर्यंत साहेब पाणी पीत उभे. तेव्हापासून एसी-किचनला एक जनरेटर, साउंड-व्हिडिओला दुसरा. लॅपटॉप आणि वॉलच्या प्रोसेसरला यूपीएस.

जेवणात फार डोकं लावू नका. फक्त बाहेरगावचे डीलर भरीत मागतील, मे महिन्यात सरळ नाही म्हणा. ते वांगं थंडीतलं, भो!

लाउडस्पीकर रात्री १० ला बंद, त्यामुळे भाषणं मुहूर्तासारखी लांबवून चालत नाही.

आणि लग्नात मामा सांगेल ते वाढतं, तसं इथे करू नका. पीओवर सही करणाऱ्याचा मेल आल्याशिवाय खुर्चीसुद्धा हलवायची नाही. स्टेजमागे कोणीतरी ‘चाळीस ताटं वाढवा’ म्हणालं, आम्ही वाढवली. ती अजून आमच्याच वहीत आहेत.