जावातून निओफोरजे शिकताना: क्लास नंतर, प्रश्न आधी

जावा येतं, एसक्यूएल येतं, आता निओफोरजे हा ग्राफ डेटाबेस शिकायचाय, असं कुणी म्हणालं की मी आधी एकच सांगतो: क्लास लिहायला बसू नका. डेटाबेसला काय काय विचारायचंय ते कागदावर उतरवा. 'हे पुस्तक ज्यांनी वाचलं, त्यांनी आणखी काय वाचलं?' एवढं लिहिलं तरी वाचक आणि पुस्तक हे नोड, आणि 'वाचलं' हे त्यांच्यातलं नातं, लगेच दिसतं. वाचल्याची तारीख थेट नात्यावर ठेवता येते, मधलं टेबल लागत नाही. जावात मात्र फील्ड म्हणजे नुसता रेफरन्स, त्याला तारीख कुठे लावणार? ऑब्जेक्ट आणि ग्राफ दिसायला सारखे असले तरी एक नाहीत, हे इथेच कळतं.

निओफोरजेची कम्युनिटी आवृत्ती डॉकरवर सहज चालते. ७४७४ पोर्टवर निओफोरजेचा स्वतःचा ब्राउझर (क्वेरी चालवून बघायचं वेब पान) उघडतो, जावाचा ड्रायव्हर ७६८७ वर बोल्ट प्रोटोकॉलने बोलतो. पण जावाकडे वळण्याआधी ब्राउझरमध्येच सायफरवर, म्हणजे निओफोरजेच्या क्वेरी भाषेवर, हात बसू द्या. ही मेहनत वाया जात नाही. २०२४ मध्ये आलेल्या जीक्यूएल या आयएसओ प्रमाणित भाषेवर सायफरची मोठी छाप आहे.

नवशिके सगळ्यात जास्त अडतात ते सायफरच्या 'मर्ज' या कमांडपाशी. असेल तर घे, नसेल तर बनव, इतकाच अर्थ धरून ते वाचक, नातं आणि पुस्तक एकाच मर्जमध्ये लिहितात. मर्ज मात्र अख्खा पॅटर्न शोधतो. वाचक आहे, पुस्तक आहे, फक्त नातं नाही, अशा वेळी तो तिन्ही गोष्टी नव्याने बनवतो आणि तोच वाचक दोनदा दिसू लागतो. म्हणून आधी वाचक मर्ज करा, मग पुस्तक, आणि शेवटी त्या दोघांमधलं नातं. शिवाय वाचकाच्या आयडीवर युनिक कन्स्ट्रेंट पहिल्याच दिवशी लावा. नोड शोधणंही त्याने वेगवान होतं, कारण त्यामागे इंडेक्स असतो.

कोडमध्ये ड्रायव्हरचा ऑब्जेक्ट अख्ख्या ॲप्लिकेशनला एकच पुरतो, तो थ्रेड-सेफ असतो. सेशन हलकं असतं: कामापुरतं उघडा, बंद करा, दोन थ्रेडमध्ये वाटू नका. क्वेरीत व्हॅल्यू जोडून स्ट्रिंग बनवू नका, पॅरामीटर द्या. इंजेक्शनचा धोका टळतो आणि क्वेरीचा प्लॅनही पुन्हा वापरला जातो.

जावाचे क्लास ग्राफशी जोडून देणारी स्प्रिंग डेटा निओफोरजे ही लायब्ररी उत्तम आहे, पण ती यानंतर घ्या. त्यात वाचकाकडे पुस्तकांची यादी आणि पुस्तकाकडे वाचकांची यादी ठेवली, आणि टू-स्ट्रिंग आयडीईकडून बनवून घेतलं, की दोघं एकमेकांना हाका मारत राहतात आणि स्टॅक ओव्हरफ्लो होतो. नातं एकाच बाजूच्या क्लासमध्ये ठेवा. उलट दिशेने जायचं असेल तर सायफर आहेच. साठवलेलं नातं तिथे दोन्ही बाजूंनी तितक्याच सहज चालत जाता येतं.