आधी अंदाज, मग पाणी: लहान मुलांना हाताने करून विज्ञान कसं शिकवावं

टबात पाणी होतं आणि शेजारी दोन संत्री, एक सालीसकट आणि एक सोललेलं. पाच वर्षांच्या मुलीला मी विचारलं, "यातलं कुठलं बुडेल?" तिने दोन्ही हातांत घेऊन तोलून पाहिली. "हे सालवालं. ते जड आहे ना!" तिने सालीसकटचं संत्रं पाण्यात सोडलं, ते तरंगलं. सोललेलं सोडलं, ते थेट तळाशी गेलं. ती गप्प. बाहेर काढून फ्रॉकला पुसलं आणि पुन्हा सोडलं, तर पुन्हा तेच. मग टेबलावर पडलेला सालीचा तुकडा उचलून तिने पाण्यात टाकला. तो तरंगत राहिला. "ताई, सालीने त्याला धरून ठेवलं होतं!"

तिचं म्हणणं खऱ्याच्या अगदी जवळ होतं. सालीच्या आतल्या पांढऱ्या, स्पंजासारख्या थरात हवा असते, त्यामुळे साल संत्र्याला पोहण्याच्या जॅकेटसारखी वर धरते. पण तेव्हा मी हे सांगितलं नाही. तीन ते सात वर्षांच्या मुलांबरोबर प्रयोग करताना सगळ्यात अवघड काम हेच असतं: उत्तर माहीत असून थांबणं. बाकीची तयारी सोपी आहे.

१. एकच प्रश्न निवडा आणि आधी स्वतः करून बघा

"आज आपण पाणी शिकू" हा प्रश्न नव्हे. "यातलं काय बुडेल?" किंवा "सावली दिवसभर एकाच जागी राहते का?" हा प्रश्न. मूल स्वतःच्या हाताने उत्तर शोधू शकेल, एवढाच तो मोठा असावा. आदल्या दिवशी एकदा करून बघा. एखादं सोललेलं संत्रं आत हवा अडकल्यामुळे तरंगूही शकतं, आणि मुलासमोर ते पहिल्यांदाच कळलं तर आपलीच धांदल उडते.

२. सामान थोडं, पण नीट विचार करून

बुडणं-तरंगणं बघायचं असेल तर सहा-सात वस्तू पुष्कळ झाल्या. त्यात मुलाच्या समजुतीला धक्का देणारी एक जोडी हवीच. जवळपास प्रत्येक मूल म्हणतं, "जड वस्तू बुडते." म्हणून मोठा लाकडी ठोकळा आणि छोटीशी किल्ली शेजारी ठेवा. ठोकळा किल्लीपेक्षा कितीतरी जड, तरी तरंगतो.

तुमच्यापुरतं लक्षात ठेवा: एक लिटर पाण्याचं वजन एक किलो असतं. वस्तू पूर्ण बुडाल्यावर जेवढी जागा अडवते तेवढ्या जागेतल्या पाण्यापेक्षा ती हलकी असेल तर तरंगते, जड असेल तर बुडते. बर्फ पाण्यापेक्षा थोडासाच हलका, म्हणून त्याचा साधारण नव्वद टक्के भाग पाण्याखाली असतो. 'घनता' हा शब्द मुलाला आत्ता कळला नाही तरी काही अडत नाही.

३. अंदाज घेतल्याशिवाय काहीही पाण्यात टाकू नका

ही पायरी घाईत हमखास सुटते, आणि माझ्या मते सगळा अर्थ हिच्यातच आहे. अंदाज न घेता वस्तू टाकली तर मूल फक्त गंमत बघतं. अंदाज घेतला की त्याचा त्यात जीव अडकतो. प्रत्येक वस्तू हातात द्या, दाबू द्या, हुंगू द्या. मग दोन कागद ठेवा, एक बुडणाऱ्या वस्तूंचा आणि एक तरंगणाऱ्या वस्तूंचा, आणि त्यांवर मुलालाच वस्तू मांडू द्या. बोललेला अंदाज मुलं सोयीने बदलतात, मांडलेला डोळ्यांसमोर राहतो.

अंदाज चुकला तर "चूक!" म्हणू नका. "अरे, हे तर वेगळंच झालं!" एवढं पुरे.

४. विचारा आणि गप्प राहा

मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गातल्या संवादांचा अभ्यास केला. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबत होते. तीन सेकंद किंवा जास्त थांबल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि मुलं स्वतःहून जास्त प्रश्न विचारू लागली. तीन सेकंद ऐकायला थोडे वाटतात, पण मुलासमोर बसून मनात मोजून बघा.

प्रश्नही जपून निवडावेत. सुरुवातीलाच "का?" विचारलं की मूल पाण्याकडे न बघता तुमच्या चेहऱ्याकडे बघू लागतं, कारण तुम्हाला हवं असलेलं उत्तर त्याला ओळखायचं असतं. "तुला काय दिसलं?" आणि "आता काय करून बघायचं?" हे प्रश्न आधी विचारा. "का" हा शब्द मुलाकडूनच येऊ द्या.

५. पुन्हा करा, पण एकच गोष्ट बदलून

पाण्यात न विरघळणाऱ्या क्लेचा गोळा पाण्यात टाका, तो बुडतो. आता विचारा, "हीच क्ले तरंगवता येईल का?" काही मुलं गोळा लहान करत जातात आणि प्रत्येक गोळा बुडतो. कुणी चपटी करतं, तीही बुडते. कधीतरी कुणाच्या हातून कडा वर वळतात, वाटीसारखा आकार होतो आणि क्ले तरंगते. क्ले तेवढीच, वजन तेवढंच, बदलला फक्त आकार. या प्रयोगाला अर्धा तास लागला तरी लागू द्या आणि वाटी तुम्ही करून दाखवू नका.

खायचा सोडा आणि व्हिनेगरचा 'ज्वालामुखी' सगळीकडे केला जातो. फेस आला, टाळ्या वाजल्या, संपलं. मला तो तसा अपुरा वाटतो. त्याऐवजी बाटलीत व्हिनेगर घ्या, फुग्यात एक चमचा सोडा भरून तो बाटलीच्या तोंडावर बसवा आणि उलटा करून सोडा आत पाडा. कार्बन डायऑक्साइडने फुगा फुगतो. पुढच्या वेळी व्हिनेगर तेवढंच ठेवून दोन चमचे सोडा, मग तीन. एका टप्प्यानंतर सोडा वाढवूनही फुगा आणखी मोठा होत नाही, कारण व्हिनेगर संपलेलं असतं. तिथे मूल खरंच विचारात पडतं.

६. सांगून न पटणाऱ्या गोष्टी सोडून द्या

एकसारख्या दोन पेल्यांत सारखंच पाणी घ्या आणि एका पेल्यातलं पाणी मुलासमोरच उंच, अरुंद पेल्यात ओता. सहा-सात वर्षांखालची मुलं बहुतेक सांगतात की उंच पेल्यात जास्त आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी हे फार बारकाईने नोंदवलं. ते पाणी परत ओतून दाखवलं तरी पुष्कळ मुलं आपल्या म्हणण्यावर ठाम राहतात. वाद घालू नका. पेले आणि पाणी त्यांच्या हाती द्या, ओतू द्या, आणि काही महिन्यांनी पुन्हा विचारा.

सुरक्षिततेबद्दल

थोड्या पाण्यातही लहान मूल बुडू शकतं, म्हणून टबाजवळून हलू नका आणि खेळ संपताच पाणी ओतून टाका. बटणासारख्या बॅटऱ्या आणि छोटी, शक्तिशाली चुंबकं लहान मुलांच्या हाती देऊच नका. दोन चुंबकं गिळली गेली तर ती आतड्याच्या भिंतींतून एकमेकांना ओढतात आणि गंभीर इजा होते. सावलीचा खेळ करताना सूर्याकडे बघायचं नाही, हे प्रत्येक वेळी नव्याने सांगा.

७. काही दिवस चालणारा एक प्रयोग सोबत ठेवा

काचेच्या पेल्यात आतून ओला कापूस लावा आणि काच व कापूस यांच्यामध्ये कडधान्याचे चार-पाच दाणे अडकवा, म्हणजे ते बाहेरून दिसतील. कापूस ओलसर ठेवा, पेल्यात पाणी साचू देऊ नका. "आधी काय बाहेर येईल, पान की मूळ?" हा अंदाज चित्र काढून घ्या. रोज ठरलेल्या वेळी मुलाने बघावं आणि दिसेल तसं चित्र काढावं. रेघ वेडीवाकडी आली तर येऊ द्या, तुम्ही सुधारू नका. तुम्ही फक्त तारीख घाला.

मूळ बोटाच्या पेराएवढं झालं की पेला आडवा करा आणि विचारा, "आता मूळ कुठे जाईल?" एक-दोन दिवसांत मुळाचं टोक पुन्हा खाली वळलेलं दिसेल. वळण नेमकं कुठे पडलं ते मुलाला काचेवर बोट ठेवून दाखवू द्या, आणि आजचं चित्र कालच्या चित्राला खेटून काढू द्या.