दोन घरांच्या भांडणावर विनोदी एकांकिका लिहिताय? या चुका टाळा

भुसावळच्या रेल्वे वसाहतीत देशभरातली माणसं राहतात. रावेर-यावलला लेवा पाटील, शहाद्याकडे गुजर, सातपुड्यात पावरा आणि भिल्ल. वेगळ्या रीतीभातींची दोन घरं एका लग्नामुळे समोरासमोर येतात, हा विषय खान्देशच्या रंगमंचाचा हक्काचा आहे. म्हणूनच अशा संहितेत एका घराला हाडामांसाची माणसं आणि दुसऱ्याला नुसते नमुने मिळाले की फार वाईट वाटतं.

पहिली खूण तालमीतच दिसते. पात्र धड काही बोलायच्या आधीच हशा येतो: लुंगी दिसली, ‘अय्यो’ ऐकू आलं, हसले सगळे. अशा वेळी तो संवाद हेल न काढता साध्या मराठीत वाचून बघा. तरीही हसू आलं तर ठेवा. नाही आलं तर आपण माणसाच्या जन्मावर हसत होतो, तो संवाद काढा.

त्या जागी काय घालायचं? दोन्ही घरांना काय हवंय ते. रावेरचा केळी बागायतदार सासरा घड आणि बाजारभाव यांपलीकडे केळीकडे बघत नाही. मदुराईची विहीण बागेत शिरते ती केळफूल आणि खोडाचा गाभा मागायला, कारण तिच्या स्वयंपाकात दोन्ही लागतात. घड न बघताच ती खोडाचं कौतुक करते आणि सासऱ्याचा पारा चढतो. दोघंही केळीचे जाणकार, दोघांचाही मान दुखावलेला. इथे हेल काढायची गरजच पडत नाही.

सगळ्यात मोठी चूक आदिवासी पात्रांच्या बाबतीत होते. 2011 च्या जनगणनेप्रमाणे नंदुरबार जिल्ह्यात दर 10 माणसांमागे जवळपास 7 आदिवासी आहेत, आणि आपल्या नाटकात ते येतात सालगडी म्हणून, नाहीतर होळीत नाचायला. त्यांना विहिणी-व्याही करा. पावरा आणि भिल्ल समाजात वरपक्षानं वधूपक्षाला देज, म्हणजे वधूमूल्य, द्यायची रीत आहे. आता धुळ्याचा वरपिता बैठकीत बसलाय. हुंडा तर हवाय, पण 1961 पासून तो कायद्यानं गुन्हा, म्हणून तो नुसतं ‘तुमच्या मनाला येईल ते’ म्हणतो. धडगावचा पावरा शिक्षक, मुलीचा बाप, समजतो की देजाची बोलणी सुरू झाली. तो नम्रपणे म्हणतो, ‘आकडा तुम्हीच सांगा.’ दोघंही समोरच्याच्या आकड्याची वाट बघत चहावर चहा पितात. हा प्रसंग कितीही ताणा, हशा हुंडा मागणाऱ्यावरच येतो.

मात्र ‘देज म्हणजे मुलगी विकणं’ असं वाक्य नवऱ्या मुलाच्या तोंडी घालून टाळ्या घेऊ नका. मुलीलाच देज नको असेल तर तो वाद तिनं बापाशी घालावा, पावरी बोलीत घालावा. प्रेक्षकांना अर्थ बरोबर कळतो. आणि पावरा, भिल्ल, कोकणा, मावची या जमातींना एकाच वेशात उभं करू नका. भाषा वेगळ्या, रीती वेगळ्या.

बोलीची सरमिसळही टाळा. ‘मला’ म्हणायला अमळनेरची आजी ‘माले’ म्हणेल, रावेरची ‘मले’. एकाच पात्राच्या तोंडी दोन्ही आले की जळगावचा प्रेक्षक तिथेच तुटतो.

संहिता त्या समाजातल्या माणसाला वाचायला द्यायचीच, पण पहिल्या खर्ड्यावर. रंगीत तालमीला बोलावून ‘काही खटकतंय का’ विचारलं तर तो भिडेखातर ‘छान’च म्हणणार. त्या समाजातला नट मिळाला तर त्याला संवाद बदलायची मोकळीक द्या.

शेवट तर हमखास बिघडतो. परप्रांतीय सून कळण्याची भाकरी थापते, सासू पदर डोळ्याला लावते, पडदा. वाकलं कोण? एकटी सून. शेवटच्या प्रसंगात कोणत्या घरानं काय सोडलं ते कागदावर दोन रकान्यांत लिहा. एक रकाना कोरा असेल तर संहिता अजून अपुरी आहे. सगळं मिटायलाच हवं असंही नाही. जानेवारीत सुनेला पोंगलला माहेरी जायचंय, सासूनं तिच्या पहिल्या संक्रांतीसाठी हलव्याचे दागिने करून ठेवलेत, सण एकाच सुमाराला. सासरा तिकिटाच्या रांगेत उभा आहे आणि फोनवर दोन्ही विहिणी त्याला वेगवेगळ्या तारखा सांगतायत. पडदा तिथे पाडला तरी चालेल.