बोल्ट जर्मनीला, कार्बनचा हिशेब भांडुपात

मी मस्जिद बंदरला एक्स्पोर्टची कागदपत्रं करते. कारखाना भांडुपला, माल नट-बोल्ट, गिऱ्हाईक जर्मनीत. १ जानेवारी २०२६पासून युरोपचा कार्बन कर, म्हणजे सीबॅम, पुरता लागू झालाय. पैसे आयातदार भरणार, पण माल बनताना किती कार्बन हवेत गेला त्याचे आकडे आपणच पुरवायचे.

आधी आयातदाराला विचारा, वर्षाला सीबॅमखालचा माल किती मागवता? सगळ्या पुरवठादारांचा मिळून ५० टनांच्या आत असेल तर तो सुटला, तुम्हीही सुटलात. मग मालाचा कस्टम्स कोड, कारण माल सीबॅमखाली येतो का ते त्यावरूनच ठरतं. शिपिंग बिलावरच्या (निर्यातीच्या कस्टम्स कागदावरच्या) आठ आकड्यांतले पहिले सहाच जगभर सारखे असतात. युरोपचा पूर्ण कोड त्याच्याकडूनच घ्या.

खरं घोडं अडतं वायर रॉडपाशी, म्हणजे ज्या पोलादी सळईपासून बोल्ट बनतो तिच्यापाशी. आपल्या भट्टीचा गॅस बिलावरून काढता येतो (पोलादाच्या मालाला वीज सध्या धरत नाहीत, तेवढंच बरं), पण बोल्टमागचं बहुतेक कार्बन उत्सर्जन पोलाद बनतानाच झालेलं असतं. रॉड व्यापाऱ्याकडून घेत असाल तर मिल टेस्ट सर्टिफिकेटवरचा हीट नंबर (पोलादाच्या त्या घाण्याचा नंबर) धरून मूळ पोलाद मिल गाठा आणि तिच्याकडून कार्बनचे आकडे मागा. पुढच्या पर्चेस ऑर्डरमध्येच हे आकडे देण्याची अट टाका. पैसे चुकते झाल्यावर कोण दाद देतो? भंगारापासून विजेच्या भट्टीत केलेलं पोलाद असेल तर आकडा बराच उतरतो.

मिलने आकडे नाहीच दिले तर युरोपचे ठरीव आकडे आहेत, पण ते मुद्दाम चढे ठेवलेत. खऱ्या आकड्यांना मान्यताप्राप्त पडताळणी लागते, तिची फी आधीच ठरवा. आयातदाराचं २०२६चं विवरणपत्र ३० सप्टेंबर २०२७पर्यंत जायचंय.